टीआय-८४ प्लस: बंद पडल्यावर काय उरते?

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचा टीआय-८४ प्लस हा आलेख काढणारा कॅल्क्युलेटर २००४ साली बाजारात आला. पुढे रंगीत पडद्याच्या नव्या मॉडेलने त्याची बरीच जागा घेतली, तरी आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) हा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रम शिकवणाऱ्या आमच्या शाळेच्या कपाटात त्याचे डझनभर नग अजून नांदत आहेत. आम्ही बारावीला लॉगची पुस्तिका वापरली. तिची पाने सुटत असत, पण त्यांवरील आकडे कधी नाहीसे झाले नाहीत. आलेख आणि सांख्यिकी या कामांत हे यंत्र कसे आहे, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. म्हणून येथे मी एकाच बाजूने त्याचे परीक्षण करतो: यंत्र अडकले किंवा सेल संपले, तर त्यात साठवलेल्या कामाचे काय होते?

या यंत्राच्या मेमरीचे दोन भाग आहेत. वापरणाऱ्याला सुमारे २४ किलोबाइट रॅम मिळते आणि ‘अर्काइव्ह’ म्हणून सुमारे ४८० किलोबाइट फ्लॅश मेमरी मिळते. आपण लिहिलेला प्रोग्राम, भरलेली यादी, मांडलेले मॅट्रिक्स हे सारे आपण काही न सांगता रॅममध्येच जाते, आणि रॅम विजेवर तगून असते. चार ट्रिपल-ए सेल काढले, की तिला सांभाळण्याचे काम मागच्या बाजूच्या एका बटन सेलवर येते. हा सेल दर तीन-चार वर्षांनी बदलावा आणि दोन्ही प्रकारचे सेल एकाच वेळी कधीही काढू नयेत, असे माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिले आहे. ते आम्ही वाचले नव्हते. बटन सेल केव्हाच मेलेल्या एका यंत्राचे चारही सेल मी निर्धास्तपणे बदलले आणि पडद्यावर ‘रॅम क्लिअर्ड’ ही अक्षरे उमटली. सहामाहीभर जमवलेल्या याद्या गेल्या. चूक सर्वस्वी माझी होती. शिवाय सेल उतरल्याची सूचना पहिल्यांदा आल्यानंतरही यंत्र साधारण एक-दोन आठवडे चालते, त्यामुळे घाई करण्याचे कारणही नव्हते.

अडकलेले यंत्र सोडवण्याची सोय मात्र उत्तम आहे, आणि ती पायरीपायरीने वापरावी. साधा प्रोग्राम न संपणाऱ्या चक्रात सापडला असेल, तर ‘ऑन’ दाबताच तो थांबतो आणि ‘गोटू’ निवडल्यास नेमक्या त्या ओळीवर नेऊन सोडतो. यात काहीही पुसले जात नाही. मांडणी बिघडल्यामुळे आलेख विचित्र दिसत असतील, तर ‘मेम’ (मेमरी) या मेनूतील ‘रीसेट’मध्ये जाऊन ‘डिफॉल्ट्स’ निवडावे. घाबरलेली मुले त्याच्या वरच्या ओळीतला ‘ऑल रॅम’ निवडतात आणि पाच मिनिटांच्या अडचणीपायी महिन्याचे काम घालवतात. असेंब्लीत, म्हणजे थेट प्रोसेसरच्या पातळीवरच्या भाषेत, लिहिलेल्या खेळाने यंत्र गोठले, तर ‘ऑन’चा उपयोग होत नाही. तेव्हा एक सेल काढून परत बसवावा लागतो आणि बहुतेक वेळा रॅमवर पाणी सोडावे लागते. त्यानंतर पडदा कोरा दिसला, तरी यंत्र मेले असे लगेच समजू नये. पुष्कळदा फक्त कॉन्ट्रास्ट उतरलेला असतो आणि ‘सेकंड’ दाबून वरचा बाण धरून ठेवला की अक्षरे दिसू लागतात. कार्यप्रणालीच बिघडली असेल, तर ‘डेल’ दाबून धरत सेल बसवावा. मग यंत्र नवी कार्यप्रणाली मागते आणि ती संगणकावरून किंवा शेजारच्या विद्यार्थ्याच्या तशाच यंत्रावरून केबलने देता येते. इतक्या लहान यंत्रात ही सोय असणे मला खरोखर कौतुकास्पद वाटते.

माझा आक्षेप आहे तो बॅकअपच्या रचनेवर. अर्काइव्हमध्ये ठेवलेली वस्तू रॅम पुसली गेली तरी टिकते, पण तेथे ठेवलेला प्रोग्राम चालवता येत नाही. आधी तो रॅममध्ये आणावा लागतो, म्हणजे ज्या क्षणी धोका सर्वाधिक असतो नेमका त्याच क्षणी तो उघड्यावर येतो. यावर उपाय ‘ग्रुप’चा आहे. रॅममधील अनेक वस्तूंची एकत्रित प्रत तो अर्काइव्हमध्ये ठेवतो आणि मूळ वस्तू जागच्या जागी राहतात. खरा बॅकअप म्हणावा असा हाच, पण तो ‘मेम’ मेनूत अगदी तळाशी, आठव्या क्रमांकावर आहे. आलेखासाठी भरलेली वाय-१, वाय-२ ही फले (फंक्शन्स) तर थेट अर्काइव्ह होतच नाहीत. ‘स्टोअर जीडीबी’ (जीडीबी म्हणजे ग्राफ डेटाबेस) या आज्ञेने ती आलेखाच्या खिडकीच्या मापांसह एका वस्तूत बांधावी आणि मग ती वस्तू अर्काइव्ह करावी, ही युक्ती मला फार उशिरा उमगली. मधूनच ‘गार्बेज कलेक्ट?’ असा प्रश्न येतो, त्याला मुले दचकतात. फ्लॅशमध्ये पुसलेल्या वस्तूंची जागा लगेच मोकळी होत नाही, ती मोकळी करू का, एवढेच यंत्र विचारत असते. बेलाशक होकार द्यावा.

एचपी (ह्युलेट-पॅकार्ड) कंपनीच्या ४८ मालिकेतील कॅल्क्युलेटरांत मोठा बिघाड झाल्यावर यंत्र स्वतःहून विचारत असे, ‘ट्राय टू रिकव्हर मेमरी?’, आणि होय म्हटल्यास वाचेल तेवढे वाचवण्याचा प्रयत्न करत असे. टीआय-८४ प्लस असे काही विचारत नाही, केवळ पुसल्याचे कळवतो. म्हणून पाचपैकी साडेतीन तारे.

जुना नग घेणार असाल, तर विक्रेत्यासमोरच ‘ए’ या चलात एखादी संख्या साठवावी, यंत्र बंद करून चारही सेल काढावेत आणि दहा-पंधरा मिनिटांनी परत बसवून ती संख्या शाबूत आहे का ते पाहावे. नसेल, तर बटन सेलचा खर्च किमतीतून वजा करून मागावा. त्या सेलचे झाकण स्क्रूने बसवलेले असते, तेव्हा सोबत लहान स्क्रूड्रायव्हर असू द्यावा.