भांडी बाजारातल्या दुकानाच्या साइटवर मॅटोमो: लग्नसराई काढल्यावरचा अनुभव

भांडी बाजारातल्या आमच्या दुकानाची वेबसाइट मी सांभाळतो, गल्ल्यावर काका बसतात. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर साइटवर मॅटोमो बसवलं. गणपती, धनत्रयोदशी आणि अख्खी लग्नसराई त्याच्यावर काढली, त्यामुळे आता चार शब्द लिहायला हरकत नाही.

ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी: 2018 च्या सुरुवातीपर्यंत ज्याला पिविक म्हणायचे तेच हे. साइटवर आलेला माणूस कुठून आला, कुठल्या पेजवरून कुठल्या पेजवर गेला आणि कुठून बाहेर पडला याची नोंद ठेवतं. सॉफ्टवेअर मुक्त आहे, पीएचपी आणि मायएसक्यूएल असलेल्या साध्या होस्टिंगवर (साइट ठेवायला भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर) आपलं आपण बसवता येतं आणि नोंदी आपल्याच डेटाबेसात राहतात. गुगलचं जुनं अॅनालिटिक्स 1 जुलै 2023 ला बंद पडल्यावर मी नव्याकडे वळून पाहिलं, पण दुकानदाराला हवी ती साधी गोष्ट शोधायला तिथे फार खोदावं लागतं असं माझं मत झालं.

ती साधी गोष्ट कुठली, हे काकांनीच सांगितलं. मी महिन्याचा आकडा दाखवायला गेलो तर म्हणाले, "आले किती ते राहू दे रे. समईपाशी थांबलेलं गिऱ्हाईक गेलं कुठे, ते सांग."

मॅटोमोतला 'व्हिजिट्स लॉग' नेमकं हेच सांगतो. एकेक व्हिजिट एकेका ओळीत येते: आलेली वेळ, मोबाईल की संगणक, गुगलवरून की इन्स्टाग्रामवरून, आणि त्याखाली उघडलेली पेजेस क्रमाने. श्रावणात अशी एक व्हिजिट नीट वाचली. मोबाईलवरून आलेलं कुणीतरी थेट पितळी पातेल्याच्या पेजवर. तिथून मेनू उघडून 'कल्हईविषयी'. परत पातेलं. मग 'पाठवण्याचे नियम', पुन्हा कल्हई, पुन्हा पातेलं, आणि निघून गेले. हा योगायोग असेल म्हणून 'ट्रान्झिशन्स' उघडलं. एका पेजवर लोक कुठून येतात आणि तिथून कुठे जातात ते त्यात डावी-उजवीकडे मांडून दिसतं, आणि हे फुकटच्या आवृत्तीतच आहे. पातेलं आणि कल्हई यांच्यात ये-जा करणारे बरेच होते. लोकांना एवढंच विचारायचं होतं की भांडं कल्हई करून येणार की इथे कल्हईवाला शोधत फिरायचं? आंबट आमटी पितळेत करायची तर हा प्रश्न पडणारच. पातेल्याच्या किमतीखाली एक ओळ टाकली, 'कल्हई करूनच पाठवतो, किमतीत धरलेली आहे', आणि ती ये-जा ओसरली. व्हॉट्सअॅपचं बटण त्याच पेजवरून जास्त दाबलं जाऊ लागलं. नुसत्या एकूण आकड्यात मला हे जन्मात दिसलं नसतं, कारण त्या ये-जा करणाऱ्यांमुळे आकडा उलट फुगलेला होता.

दुसरा मोठा फायदा साइटवरच्या शोधाचा. आमची साइट वर्डप्रेसवर बांधलेली आहे, त्याच्या शोधपट्टीत लोक काय टाइप करतात ते मॅटोमो आपोआप उचलतं, आणि ज्या शब्दांना काहीच सापडलं नाही त्यांची यादी वेगळी ठेवता येते. ती यादी वाचून मी कपाळाला हात लावला. घंगाळ रोमन लिपीत, तेही तीन-चार तऱ्हांनी. 'रुखवत सेट', जो आम्ही दुकानात रोज बांधून देतो, पण साइटवर त्या नावाचं पेजच नव्हतं. 'बंब' शोधणारे तर पुण्या-मुंबईचे हौशी लोक असावेत, नाहीतर आता बंब तापवतो कोण!

आता ही माग काढण्याची रीत जिथे तुटते तिथलं सांगतो, कारण जाहिरातीत ते कुणी सांगत नाही. ब्राउझर प्रत्येक पेज सर्व्हरकडे नव्याने मागतो. मघाचाच माणूस पुन्हा आलाय हे सर्व्हरला आपण होऊन कळत नाही. म्हणून ब्राउझरात कुकी, म्हणजे ओळखीची छोटीशी खूण, ठेवायची, ही युक्ती 1994 मध्ये नेटस्केपमध्ये लू माँटुली यांनी काढली आणि अजून तीच चालते. मॅटोमोची ओळखीची कुकी 13 महिन्यांची असते, आणि अर्धा तास हालचाल झाली नाही की पुढची व्हिजिट नवी धरली जाते. कागदावर छान. पण आयफोनच्या सफारीत अशी कुकी सात दिवसांत पुसली जाते. आमचं बरंचसं गिऱ्हाईक इन्स्टाग्रामवर रील बघून त्याच अॅपच्या आतल्या ब्राउझरमध्ये साइट उघडतं आणि रात्री निवांत क्रोममध्ये पुन्हा येतं. मॅटोमोच्या हिशेबी ही दोन वेगळी माणसं. घरात सासू-सून एकाच फोनवरून बघत असतील तर त्या दोघी मिळून एक. त्यामुळे 'नवे किती, जुने किती' या तक्त्याकडे मी बघत नाही. एका बसण्यातली वाट मात्र बऱ्यापैकी खरी निघते.

त्यातही मध्यरात्रीची गंमत आहे. बारा वाजले की मॅटोमो चालू व्हिजिट तोडून नवी सुरू करतं. आमच्याकडे जेवणं उरकून अकरा-साडेअकराला भांडी बघणारे भरपूर, त्यांच्या वाटेचे दोन तुकडे होतात आणि दुसरा तुकडा अधांतरी कुठल्यातरी परातीपासून सुरू होतो. साइटचा टाइमझोन भारताचा ठेवा, नाहीतर ग्रिनिचच्या वेळेप्रमाणे हीच फोड आपल्या पहाटे साडेपाचला होईल आणि तारखाही सरकतील. व्हॉट्सअॅप ब्रॉडकास्टच्या लिंकला मोहिमेचं नाव जोडलं असेल तर मधेच ती लिंक दाबल्यावरही नवी व्हिजिट धरली जाते.

शेवटच्या पेजवर माणूस किती वेळ थांबला हे मुळात कळत नाही, कारण वेळ मोजतात पुढचं पेज उघडल्यावर. एकच पेज वाचून गेलेला शून्य सेकंद दिसतो. 'हार्टबीट टायमर'ची एक ओळ कोडमध्ये घातली की हे बरंच सुधारतं. ती पहिल्या दिवशीच घाला.

गावांच्या यादीवर विसंबू नका. मोबाईल डेटावरचं निफाडचं गिऱ्हाईक खुशाल मुंबईत दिसतं.

तक्रार आहे ती होस्टिंगबद्दल. कंपनीचं नाव घेत नाही. धनत्रयोदशीच्या आठवड्यात मॅटोमो उघडलं की पान फिरतच राहायचं. अहवालांची बेरीज कुणी उघडलं की लगेच करायची, की क्रॉन (सर्व्हरवर ठरल्या वेळी काम आपोआप उरकणारी सोय) लावून ठराविक वेळाने मागच्या मागे, हे आपल्याला ठरवता येतं. एकच सर्व्हर अनेक साइट वाटून घेतात त्या स्वस्त शेअर्ड होस्टिंगवर क्रॉनच हवा. तो लावू द्या म्हणून मदत केंद्राशी आठवडाभर डोकं फोडलं, उत्तर एकच: प्लॅन वाढवा. शेवटी वाढवला. त्यांच्याच पॅनलमधलं एडब्ल्यूस्टॅट्स मात्र मॅटोमोच्या कितीतरी पट व्हिजिट दाखवतं. ते सर्व्हरच्या लॉगवरून मोजतं आणि त्यात बॉट्सची, म्हणजे आपोआप फिरणाऱ्या प्रोग्रॅमांची, जत्रा असते. चुलतभाऊ तोच आकडा व्यापाऱ्यांना ऐकवतो, ऐकवू दे.

हीटमॅप (पेजवर कुठे जास्त दाबलं जातं त्याचा रंगीत नकाशा), माणसाची बोटं कुठे फिरली त्याचं चित्रण, फनेल (खरेदीच्या कुठल्या पायरीवर किती गळाले त्याचा तक्ता), हे सगळं पैसे देऊन घ्यावं लागतं. मी घेतलं नाही. भांड्यांच्या दुकानाला ट्रान्झिशन्स पुरतं.

खासगीपणाचं म्हणाल तर आयपी पत्त्याचे (इंटरनेटवरच्या जोडणीच्या क्रमांकाचे) शेवटचे दोन भाग झाकलेलेच ठेवले आहेत. ऑर्डर देणाऱ्याची ओळख त्याच्या वाटेला जोडायची सोय मॅटोमोत आहे, ती बंद आहे. कुठल्या ताई कितीदा येऊन समई बघून गेल्या हे काकांना कळून काय करायचंय? 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यामुळे तळाशी मराठीत एक सूचना लावली आणि नको म्हणणाऱ्यासाठी नोंद बंद करण्याचा पर्याय ठेवला. सहा महिन्यांपूर्वीच्या कच्च्या नोंदी आपोआप पुसल्या जातात, बेरजा तेवढ्या राहतात. डेटाबेसही त्याने आटोक्यात राहिला.

बसवणार असाल तर आधी घरच्यांच्या फोनवर 'माझी व्हिजिट धरू नका' ही कुकी लावा. काका दिवसातून किती वेळा स्वतःची साइट उघडून बघतात, ते त्या लॉगमध्ये स्पष्ट दिसत होतं.