नॅलोक्सोनचा 4 मिलिग्रॅमचा फवारा: श्वानपथकाच्या दृष्टीने

अमली पदार्थ हुंगणाऱ्या कुत्र्याच्या प्रथमोपचार पिशवीत हा फवारा हवाच, आणि किमान दोन. नॅलोक्सोन म्हणजे फेंटानिलसारख्या अफूवर्गीय अमली पदार्थांच्या विषबाधेवरचा उतारा. बनवलाय माणसांसाठी, पण मोठ्या कुत्र्याच्या नाकपुडीत फवाऱ्याचं तोंड व्यवस्थित बसतं. सुई नाही, मापून भरणं नाही. दट्ट्या एकदा दाबला की झालं. मात्र ‘चालतोय ना’ म्हणून हवेत दाबून पाहिलात तर तो गेलाच, आत एकच डोस असतो.

30 किलोच्या कुत्र्याला 4 मिलिग्रॅम म्हणजे किलोमागे सुमारे 0.13. इंजेक्शनचा नेहमीचा डोस 0.04, त्यामुळे आकडा मोठा वाटतो. पण नाकातून सगळं औषध शोषलं जात नाही, आणि जास्त गेलं तरी नॅलोक्सोन सहसा बाधत नाही. आपल्या पशुवैद्यांकडून लेखी सूचना मात्र आधीच घेऊन ठेवा.

झोकांड्या, टाचणीच्या टोकाएवढ्या बाहुल्या, मंदावलेला श्वास दिसला की हातमोजे आणि मास्क चढवून कुत्र्याला अमली पावडरीपासून दूर न्या, नाक-तोंड पुसा, फवारा द्या. 2-3 मिनिटांत फरक नाही पडला तर दुसरा, दुसऱ्या नाकपुडीत. श्वास थांबलाच तर अंबू बॅगेने (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) मिनिटाला 10 श्वास. तोंडाने श्वास देऊ नका, पावडर तुमच्याच पोटात जाईल. शुद्धीवर येताना गोंधळलेला कुत्रा ओळखीच्या हातालाही चावतो.

खरी गोम पुढे आहे. फवाऱ्याचा असर 30 ते 90 मिनिटं, पोटात गेलेल्या फेंटानिलचा त्याहून जास्त टिकू शकतो. कुत्रा उठतो, शेपूट हलवतो, त्याला परत कामाला लावतात आणि तो पुन्हा कोसळतो. म्हणून उठला तरी गाडी थेट दवाखान्याकडेच. मालात झायलाझिनची (जनावरांना गुंगी आणणारं औषध) भेसळ असेल तर त्यावर नॅलोक्सोन चालत नाही. त्याचा उतारा अटिपॅमेझोल, तो डॉक्टरांच्या हातचा. कोकेन किंवा मेथने (मेथॅम्फेटामिन, हाही उत्तेजक अमली पदार्थ) बिथरलेल्या, बाहुल्या विस्फारलेल्या, अंग तापलेल्या कुत्र्यालाही याचा उपयोग शून्य.

अंग साबण आणि भरपूर पाण्याने धुवा. अल्कोहोलचं सॅनिटायझर नको, त्याने अमली पदार्थ कातडीतून जास्त शिरू शकतो. धुऊन होईपर्यंत अंग चाटू देऊ नका.

फवारा 25 अंशांच्या आत ठेवायचा. उन्हात उभ्या गाडीचा डॅशबोर्ड ही त्याची जागा नव्हे.