भंगाराचे दोनशे रुपये

आधीच सांगून टाकतो, कारण आतापर्यंत प्रत्येकाने पहिलं हेच विचारलंय. नाही, ट्रेलरच्या दुरुस्तीचं पक्कं बिल घेतलं नव्हतं.

आमच्याकडे एक घडीचा ट्रेलर आहे. पुण्याच्या एका हौशी माणसाकडून जुना घेतलेला. बोलेरोच्या मागे जोडायचा, मुक्कामी पोचलं की पुढच्या विंचचं, म्हणजे वायर गुंडाळणाऱ्या रहाटाचं, हँडल फिरवायचं. छत चार कोपऱ्यांतल्या खांबांवर वर चढतं, कॅनव्हासच्या भिंती ताणल्या जातात, की झाली खोली. ते छत चार माणसांना जेमतेम उचलतं आणि तोललेलं असतं दीड सूत जाडीच्या एका वायर रोपवर. विंचवरून निघालेली ही मुख्य वायर चासीखालून मागे जाऊन एका लोखंडी पट्टीला अडकते. पट्टीपासून चार बारीक वायरी पुलींवरून चार कोपऱ्यांना जातात. एखादी बारीक वायर सैल झाली तर छत तिरपं होतं. मुख्य वायर गेली तर सगळंच खाली.

जानेवारीत मागचा डावा कोपरा चार बोटं खाली राहायला लागला. ओळखीतून नागपूरजवळच्या वाडी गावातल्या एका वर्कशॉपचा पत्ता मिळाला. मिस्त्री गोड बोलणारा. खाली वाकून मोबाईलचा टॉर्च मारला आणि म्हणाला, "भाऊ, हे तं पूर्ण सडून गेलं. पाचही वायरी बदलाच लागते. विंचही नवीन टाकून घ्या, घडीघडी कायले खोलता?" साडेसोळा हजार सांगितले. तीन दिवसांनी ट्रेलर घ्यायला गेलो तर त्याने आपणहून दोनशे कमी केले. "जुन्या वायरीचे भंगारात आले, ते तुमचे."

या दोनशे रुपयांनी माझा घात केला. असा माणूस! याच्याकडे बिल काय मागायचं? १६,३०० यूपीआयने पाठवले आणि वर चहाही पाजला.

हँडल फिरवून बघितलं. लोण्यासारखं. आधी छत चढवताना टक-टक-टक असा आवाज यायचा, तोही गेला. मी म्हटलं, वा, नव्याची बातच वेगळी.

तो आवाज का येतो हे मला तेव्हा माहीत असतं तर तिथेच गाडी आडवी लावली असती. सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये कुत्ते, म्हणजे दात्यांत अडकणारे छोटे खटके असतात ना, तसाच एक कुत्ता ब्रेकवाल्या विंचमध्येही दातेरी चाकावर बसलेला असतो. छत वर चढवताना तो एकेका दात्यावरून घसरतो, त्याची ती टक-टक. हँडल सोडलं की तो चाक धरून ठेवतो आणि छताच्या वजनानेच ब्रेकच्या चकत्या आवळल्या जातात. छत उतरवताना आवाज येत नाही, ते ठीक. पण चढवताना येत नसेल तर कुत्ता आपल्या जागी नाही.

फेब्रुवारीत रामटेकला, खिंडसी तलावाच्या काठावर पहिला मुक्काम. छत चढवून हँडल सोडलं तर ते आपोआप पाव फेरा मागे आलं. मी काय करावं? हँडल दोरीने बांधून टाकलं. हे मी कोणाला सांगत नाही, इथे सांगतोय.

एप्रिलमध्ये उमरेडच्या बाजूला एका मित्राच्या शेतावर गेलो होतो. संध्याकाळ, आत टेबलावर कुकर, शेगडी नुकतीच बंद केलेली. मुलगी गाडीतला चार्जर घ्यायला बाहेर आली, ही आंब्याखाली चटई टाकत होती. धाडकन आवाज झाला आणि खोली संपली. छत कुकरवर येऊन टेकलं होतं. कुकरचं झाकण असं दबलं की ते शेवटी घणाने काढावं लागलं. दोरीने बांधलेलं हँडल मात्र जागच्या जागी होतं.

ट्रेलर कसाबसा बांधून हिंगणा एमआयडीसीतल्या एका म्हाताऱ्या फॅब्रिकेटरकडे नेला. त्याने छताखाली हात घालायलाच नकार दिला. "आधी टेकू." जीआय पाईपचे चार सारखे तुकडे कापले, चार पोरांनी छत उचललं, प्रत्येक कोपऱ्यात एकेक टेकू ठोकून बसवला, मगच हा टॉर्च घेऊन खाली शिरला. पाचेक मिनिटांनी हसत बाहेर आला. "नवीन वायर दिसते तिथंवरच नवीन हाय."

खरंच तसं होतं. विंचपासून चासीखाली दिसेनाशी होईपर्यंत चकचकीत वायर. पुढे काळोखात ती दोन यू-क्लॅम्पनी जुन्या गंजक्या वायरीला जोडलेली. मुळात वजन उचलणाऱ्या वायरीला असा मधे जोड द्यायचाच नसतो. त्यात क्लॅम्पही उलटे. यू-बोल्ट वायरीच्या मोकळ्या शेपटीवर यायला हवा आणि त्यात बसणारं चपटं खोगीर ताणाच्या बाजूला. इथे यू-बोल्टने ताणाचीच वायर चेंगरली होती. एकेक तार तुटत जाऊन जोड सुटला. कोपऱ्यांच्या चारही वायरी जुन्याच, नुसती सिल्व्हर पेंट मारलेल्या. तिरपेपणा घालवायला फक्त नट आवळले होते, दहा मिनिटांचं काम. विंचही माझंच, रंगवलेलं. हलकं फिरावं म्हणून ब्रेकच्या चकत्यांना ग्रीस चोपडलेलं, आणि त्याच ग्रीसमध्ये कुत्ता चिकटून बसलेला. ग्रीस दात्यांना द्यायचं असतं, ब्रेकच्या चकत्या कोरड्याच ठेवायच्या.

म्हणजे ज्या वायरीच्या भंगाराचे दोनशे मला मिळाले, ती माझ्याच ट्रेलरखाली होती.

म्हाताऱ्याने इतवारीच्या लोहा ओळीतून वायर आणायला मलाच पाठवलं. सात गुणिले एकोणीसची, म्हणजे एकोणीस तारांच्या सात लडी. ही पुलीवरून मऊ वळते. कमी तारांची कडक वायर स्वस्तात मिळते, पण लहान पुलीवर लवकर तुटते. छत पूर्ण खाली असताना ड्रमवर दोन-तीन वेढे शिल्लक राहतील एवढी लांबी ठेवली. जुनी वायर त्याने न मागता माझ्या डिक्कीत टाकली. आता मी स्वतः खाली झोपून फडक्याने वायर पुसतो. नुसत्या हाताने पुसू नका, तुटलेली तार सुईसारखी घुसते. फडकं कुठे अडकलं तर तिथे तार तुटलीये. खांबांना ग्रीसऐवजी कोरडा सिलिकॉन स्प्रे, कारण नागपूरच्या उन्हाळ्यातली धूळ ग्रीसवर बसली की तिचा लगदा होतो. टेकू कायम ट्रेलरमध्येच.

वाडीवाल्याला फोन केला तर म्हणे, "तुमी वरते सामान लादलं असन भाऊ." फोटो पाठवल्यावर फोन उचलणंच बंद. १९१५ या ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवली. बिल नसलं तरी यूपीआयची पावती आहे आणि "पाचही वायरी नव्या टाकल्या" हा त्याचा व्हॉट्सअॅप मेसेज आहे. जिल्हा ग्राहक आयोगात घटनेपासून दोन वर्षांच्या आत जाता येतं, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही. अर्ज लिहायला घेतलाय. रकमेच्या रकान्यात १६,३०० लिहिले, तर मुलगी म्हणते, कुकरचेही लावा.