धरणांपूर्वीचा महाराष्ट्र दाखवणारे 'यू ५०२' नकाशे

अमेरिकेत ऑस्टिन येथील टेक्सास विद्यापीठाच्या पेरी-कास्तान्येदा ग्रंथालयात अडीच लाखांहून अधिक नकाशे जतन केलेले आहेत. त्यांपैकी जे स्कॅन झाले आहेत, ते ग्रंथालयाच्या संकेतस्थळावर नोंदणी न करता आणि एक पैसाही न भरता पाहता व उतरवून घेता येतात. महाराष्ट्राच्या भूगोलात आणि स्थानिक इतिहासात रस असणाऱ्यांसाठी या संग्रहातील सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे 'यू ५०२' ही मालिका होय. अमेरिकी लष्कराच्या आर्मी मॅप सर्व्हिसने १९५० च्या दशकात, मुख्यतः भारतीय सर्वेक्षण विभागाच्या आधीच्या पत्रकांच्या (म्हणजे नकाशाच्या एकेका सुट्या कागदाच्या) आधारे, भारत आणि पाकिस्तानचे १ : २,५०,००० प्रमाणाचे हे नकाशे तयार केले. सह्याद्रीत भटकणाऱ्या अनेकांना ते ठाऊक आहेत. परंतु त्यांचा उपयोग ट्रेकच्या आखणीपुरता मर्यादित राहावा, हे मला योग्य वाटत नाही.

हवे ते पत्रक शोधणे सोपे आहे. चार अक्षांश आणि सहा रेखांशांचा एक गट, आणि त्या गटात सोळा पत्रके, अशी रचना आहे. १६ ते २० उत्तर अक्षांश आणि ७२ ते ७८ पूर्व रेखांश यांमधला, म्हणजे मुंबई, पुणे, सातारा, सोलापूर असा सारा प्रदेश 'एनई ४३' या गटात येतो. गोव्यासाठी 'एनडी ४३' आणि नागपूरसाठी 'एनएफ ४४' पाहावे लागते. कोणते पत्रक कुठले आहे हे दाखवणाऱ्या सूचक नकाशावरून पत्रकाचा क्रमांक मिळतो आणि तो उघडला की संपूर्ण पत्रक एकाच मोठ्या चित्राच्या रूपात समोर येते.

या नकाशांचे खरे मोल कोयनेच्या खोऱ्यात कळते. आज वासोटा किल्ल्यावर जायचे म्हणजे बामणोलीहून लाँचने शिवसागर जलाशय ओलांडायचा, अशी आपली सवय झाली आहे. कोयना धरण पूर्ण झाले १९६४ मध्ये, आणि हे पत्रक त्याच्या आधीचे. त्यामुळे तेथे जलाशयच नाही. समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या तपकिरी समोच्च रेषांच्या दाटीतून कोयना नदी वाहते आणि आज पाण्याखाली असलेला खोऱ्याचा तळ जमीन म्हणून दिसतो. ज्यांच्या आजोबा-पणजोबांचे गाव धरणात गेले, त्यांना ते खोरे पूर्वी कसे होते हे दाखवणारे आणि घरबसल्या मिळणारे याच्याइतके सुलभ साधन माझ्या माहितीत दुसरे नाही. उजनी आणि जायकवाडी ही धरणेही या मालिकेनंतरचीच असल्याने भीमा आणि गोदावरी त्यांच्या मूळ पात्रांत पाहायला मिळतात. कोकण रेल्वेची रेषा नाही, आणि मिरज-कुर्डुवाडी-लातूर ही बार्शी लाइट रेल्वे अरुंद रुळांवरून धावत होती त्या काळातील रेल्वेचे जाळे येथे नोंदलेले आहे.

पत्रकाच्या समासातील विश्वासार्हतेची छोटी आकृती अवश्य पाहावी, कारण कोणत्या भागासाठी कोणत्या दर्जाची मूळ सामग्री वापरली हे तीवरून समजते. पत्रकावर छापलेले वर्ष आणि प्रत्यक्ष मोजणीचे वर्ष एक नसते. एखादे गाव अमुक साली अस्तित्वात होते, असे विधान केवळ छपाईच्या वर्षावरून करणाऱ्यांनी हा भेद विसरू नये.

मर्यादाही आहेत. या प्रमाणात एक सेंटिमीटर म्हणजे अडीच किलोमीटर, त्यामुळे राजगडासारखा विस्तीर्ण गडही नकाशावर चिमुकला होतो आणि घाटवाटांचे वळण-चढ त्यात शोधण्यात अर्थ नाही. प्रत्यक्ष डोंगरात उतरताना यावर विसंबणे धोक्याचे आहे. त्यासाठी सर्वेक्षण विभागाचे १ : ५०,००० प्रमाणाचे पत्रक आणि वाटाड्या यांना पर्याय नाही. गावांची नावे इंग्रजी वर्णांतरात असल्याने काही वेळा शेजारच्या गावांवरून अंदाज बांधावा लागतो. शिवाय साध्या चित्राला अक्षांश-रेखांश जोडलेले नसतात; क्यूजीआयएससारख्या नकाशांवर काम करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये पत्रकाचे चारही कोपरे स्वतः बसवावे लागतात, आणि मूळ मोजणी पृथ्वीचा आकार गृहीत धरण्याच्या जुन्या एव्हरेस्ट प्रणालीवरची असल्याने आजच्या जीपीएसशी ती तंतोतंत जुळत नाही.

तरीही माझी शिफारस निःसंदिग्ध आहे. आपल्याकडे २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानुसार संरक्षणासाठीचे आणि सर्वसामान्यांसाठीचे नकाशे वेगवेगळे केले गेले, आणि नकाशांविषयीच्या २०२१ च्या मार्गदर्शक तत्त्वांनंतर निर्बंध बरेच सैल झाले. त्याच्या कितीतरी आधीपासून या परदेशी ग्रंथालयाने हे नकाशे सर्वांसाठी खुले ठेवले आहेत. त्यांतील बहुतेक नकाशांवर स्वामित्वहक्क नसल्याने ते पुस्तकात, प्रबंधात किंवा गावाच्या स्मरणिकेत छापता येतात. ग्रंथालयाचा श्रेयनिर्देश तेवढा करावा. धरणग्रस्त गावांचा इतिहास लिहिणाऱ्यांनी आपल्या खोऱ्याचे पत्रक मोठ्या आकारात छापून घ्यावे आणि गावातील वृद्धांसमोर पसरावे, म्हणजे नकाशात न आलेल्या वाड्या-वस्त्यांची नावेही त्यावर लिहून घेता येतील.