समृद्धी महामार्ग, निधोना ते जांबरगाव: गाडी घालण्याआधी वाचा

छत्रपती संभाजीनगरहून नागपूर किंवा मुंबई गाठायची असेल तर समृद्धीला तोड नाही. जालन्याहून संभाजीनगरला यायचे असेल तर मात्र बहुतेक वेळा जुना रस्ताच बरा. जुन्या जालना रोडला कुठल्याही फाट्यावरून लागता येते, हव्या त्या चौकात उतरता येते. समृद्धीला दारे मोजकीच: जालन्याला निधोना, पुढे शेंद्रा, सावंगी, माळीवाडा, हडस पिंपळगाव आणि वैजापूरसाठी जांबरगाव. जालना शहरातून निधोन्याला जा, सावंगीला उतरा आणि परत शहराच्या गर्दीत शिरा, या द्राविडी प्राणायामात वाचलेली मिनिटे तिथेच खर्ची पडतात. संभाजीनगरहून पुण्याला जाणाऱ्यांना तर या रस्त्याचा उपयोगच नाही.

पूर्वी रस्ता गावे जोडत, बाजारपेठांमधून वळणे घेत जायचा. नंतर बायपास आले. समृद्धी आखतानाच गावे बाजूला ठेवली. 11 डिसेंबर 2022 ला नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा खुला झाला. 5 जून 2025 ला इगतपुरी ते भिवंडीजवळचे आमणे हा शेवटचा 76 किलोमीटरचा तुकडा जोडला गेला आणि 701 किलोमीटर पूर्ण झाले. इगतपुरीजवळच्या जवळपास 8 किलोमीटरच्या बोगद्यामुळे कसारा घाट टळतो. मराठवाड्यातून मुंबईला जाणाऱ्यांसाठी खरी कमाई हीच. शहरातून निघताना मुंबईसाठी माळीवाडा आणि नागपूरसाठी सावंगी किंवा शेंद्रा धरावे.

टोलची पद्धत सरळ आहे. चढताना फास्टॅगची नोंद होते, उतरताना अंतराप्रमाणे पैसे कापले जातात. एप्रिल 2025 पासून कारचा दर किलोमीटरला 2.06 रुपये झाला, आधी तो 1.73 होता. म्हणजे 50 किलोमीटरला साधारण 103 रुपये. उतरायचे ठिकाण हुकले तर यू-टर्न नाही. पुढच्या इंटरचेंजपर्यंत, म्हणजे चढ-उताराच्या दारापर्यंत, जावे लागते आणि त्या अंतराचाही टोल बसतो. रिव्हर्स घेण्याचा मोह मात्र जिवावर बेतू शकतो.

आता टायर. जुन्या रस्त्यावर खड्डे, गतिरोधक, गावे यांमुळे टायरला अधूनमधून उसंत मिळायची. इथे सिमेंटच्या रस्त्यावर, मराठवाड्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात, तासन् तास एकाच वेगाने पळावे लागते. उन्हाळ्यात हवा कमी ठेवावी असा सल्ला बरेच जण देतात. तो चुकीचा आहे. हवा कमी असली की टायरची बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबते, आतून तापते आणि शेवटी फुटते. हवा सकाळी, गाडी थंड असताना तपासा. आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर लिहिलेला असतो. पाच माणसे आणि सामान असेल तर त्याच पट्टीवरचा भरलेल्या गाडीचा आकडा धरा. तासभर पळाल्यावर हवेचा दाब 32 psi चा 35-36 दिसतो. घाबरून हवा काढू नका, थंड झाल्यावर ती कमी भरेल. नायट्रोजन भरला की टायर फुटत नाही, असे म्हणणाऱ्याला साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो हे सांगावे.

टायरच्या बाजूवर चार आकडी तारीख असते. 2319 म्हणजे 2019 सालचा 23 वा आठवडा. खाचा 1.6 मिलिमीटरपेक्षा कमी उरल्या असतील, किंवा बाजूला फुगवटा वा तडे दिसत असतील, तर त्या टायरवर या रस्त्याला लागू नका. स्टेपनीही तपासा. वर्षभर डिकीत पडून तिची हवा गेलेली असते.

वेगमर्यादा कारला 120, मालट्रकला 80. ट्रकवाला मधल्या किंवा उजव्या लेनमध्ये घुसला की 40 चा फरक काही सेकंदांत समोर येतो. 100 किलोमीटरला ताशी 120 ने 50 मिनिटे लागतात आणि ताशी 100 ने 60. दहा मिनिटांसाठी किती जोखीम घ्यायची हे ज्याचे त्याने ठरवावे. 15 ऑक्टोबर 2023 ला मध्यरात्रीनंतर जांबरगाव टोलनाक्याजवळ उभ्या ट्रकवर मिनीबस आदळून 12 जण दगावले. कडेला थांबायची वेळ आलीच तर गाडी पूर्ण डावीकडे घ्या, चारही इंडिकेटर लावा, माणसांना उतरवून कठड्यापलीकडे न्या आणि इशाऱ्याचा त्रिकोण गाडीमागे निदान 50 मीटरवर ठेवा. लघुशंकेसाठी, फोटोसाठी कडेला थांबणारे अजून दिसतात. हा जुना रस्ता नाही.

सरळ, सारख्या दिसणाऱ्या रस्त्यावर डोळे उघडे राहतात आणि मेंदू झोपतो. दर दीड तासाने इंटरचेंजवर किंवा पंपावर उतरून पाय मोकळे करा. पंप दूर दूर आहेत, म्हणून टाकी शहरातच भरून घ्या. ढाब्याच्या चहाची सवय असणाऱ्यांनी थर्मास बरोबर ठेवावा.

दुचाकी, तीनचाकी आणि ट्रॅक्टर यांना इथे प्रवेश नाही. ज्यांच्या शेतांना चिकटून रस्ता गेला, त्यांतल्या अनेकांना तो भिंतीपलीकडूनच दिसतो. जालना-नांदेड हा सुमारे 180 किलोमीटरचा जोडमार्ग आखलेला आहे. तो होईपर्यंत परभणी, नांदेडच्या गाडीवाल्यांनी निधोन्यापर्यंतच्या जुन्या रस्त्याचा वेळ हिशेबात धरूनच निघावे.