तबला शिकवायचाय: विशारद की विद्यापीठाची पदवी?

भाच्याला तबलाशिक्षक व्हायचंय. संगीताच्या परीक्षा घेणाऱ्या गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा विशारदपर्यंत द्याव्यात की पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात जावं, इथे घोडं अडलंय.

वेळेचं म्हणाल तर ‘प्रारंभिक’ ते ‘विशारद पूर्ण’ अशा सात परीक्षा, पण नोकरी सांभाळून देता येतात. पदवीला पूर्णवेळ हजेरी हवी.

शिकवण्याच्या तयारीत मात्र, माझ्या मते, दोन्ही तोकडे. विशारदला कायदे (विस्तार करायच्या रचना), रेले (वेगात वाजणाऱ्या रचना), हातावर ताल धरून पढंत (बोल तोंडाने म्हणणं), सगळं तपासतात. लहान मुलाचा ‘ना’ हा बोल चाटेवर, म्हणजे तबल्याच्या कडेवर, कसा बसवायचा, हे कोण विचारतं? ते गुरूंच्या क्लासात धाकट्यांना शिकवतानाच येतं.

घरचा क्लास काढायचा तर विशारद पुरे. महाविद्यालयात शिकवायचं असेल तर पदवी, पुढे एमए आणि नेट-सेट या प्राध्यापकीच्या पात्रता परीक्षा. गुरू दोन्हीकडे लागणारच.