डाळमिलच्या कामासाठी डॉलरचे चार्ट दोन वर्ष वापरले, त्याचा अनुभव

मी लातूरच्या एमआयडीसीत एका डाळमिलवर हिशोब बघतो. इकडची तूर तर येतीच, पण बाहेरची पण लागतीय, मोझांबिक, टांझानिया, म्यानमार इकडून कंटेनर येतात अन् त्याचं बिल डॉलरमध्ये असतंय. सौदा ठरतो त्या दिवशी डॉलर एका भावाला, पैसे भरायच्या दिवशी दुसऱ्या भावाला, मधल्या दीड-दोन महिन्यात जो फरक पडतो तो सरळ आमच्या मार्जिनमधून जातो. म्हणून मालकांनी ब्रोकरकडं करन्सी सेगमेंट (एक्स्चेंजवर डॉलरचे सौदे करायची सोय) चालू करून घेतलं अन् चार्ट बघायचं काम माझ्या गळ्यात आलं. दोन वर्ष झाली आता. ब्रोकरच्या ॲपातला चार्ट (ब्रोकरचं नाव लिहित नाही), ट्रेडिंगव्ह्यू (चार्टची वेबसाइट) अन् डेमो म्हणजे खोट्या पैशाच्या अकाउंटवर मेटाट्रेडर (चार्ट बघून सौदे टाकायचं सॉफ्टवेअर), असं तिन्ही वापरून झालंय. रोज डॉलरचं बिल भरावं लागतंय अशा माणसासाठी हे कसे आहेत ते सांगतो, इंट्राडे करून श्रीमंत व्हायचंय त्यांच्यासाठी हे नाही.

पहिल्याच महिन्यातली गोष्ट. सकाळी सव्वानऊला मालकांचा फोन, "अरे डॉलर फुटला की रे, बघ तरी, उभाच्या उभा वर चाललाय!" मी लॅपटॉप उघडेपर्यंत घाम फुटला. बघतो तर ॲपात खरंच खालच्या कोपऱ्यातून वरच्या कोपऱ्यात रेघ गेलेली. उजवीकडचे आकडे वाचले तर सगळी मिळून ६ पैशाची हालचाल. झालं काय होतं, ॲप आपोआप स्केल बदलतं, दिवसभरात जेवढी हालचाल झाली तेवढीच ताणून पूर्ण स्क्रीनभर दाखवतं, मग ६ पैसे असोत की ६० पैसे असोत डोंगर तेवढाच दिसतो. आमचं बिल होतं १९ हजार डॉलरचं, ६ पैसे म्हणजे ११४० रुपये. २४ टनाच्या कंटेनरपुढं ते काहीच नाही. पण चार्ट बघून मालकांनी त्या दिवशी दोन फोन करून तुरीचा पुढचा सौदा थांबवून ठेवला होता, त्याची किंमत ११४० पेक्षा जास्त झाली असेल.

तेव्हापासून माझं मत एकच हाय, चार्टचं सॉफ्टवेअर घेताना इंडिकेटर (भावावरून गणित करून काढलेल्या रेघा) किती आहेत ते बघू नका, ते कोणता भाव काढून दाखवतंय अन् ते नीट सांगतंय का ते बघा. बाकी सगळं नंतर.

आमच्याकडं मोंढ्यात हे लहान पोराला पण कळतं. पोटलीचा भाव वेगळा, सौद्याचा भाव वेगळा, अन् शेतकऱ्याच्या पट्टीवर आलेला भाव तिसराच. कुणी नुसतं "सोयाबीन इतक्यानं गेलं" म्हणलं की आपण लगेच विचारतो, पोटली का सौदा? डॉलरला मात्र कुणी विचारत नाही. एनएसईवर डॉलर-रुपयाचं फ्युचर २९ ऑगस्ट २००८ ला चालू झालं, एक लॉट १००० डॉलरचा, भाव पाव पैशानं हलतो, म्हणजे १ पैसा हलला की लॉटमागं १० रुपये. पण ते फ्युचर आहे, म्हणजे पुढच्या तारखेच्या डॉलरचा भाव आजच बांधायचा सौदा, डॉलर चढला तर बिलात जास्त गेलेलं तिथं भरून येतंय. स्पॉट म्हणजे आजचा रोखीचा भाव, तो हा नाही. भारतातलं व्याज अमेरिकेपेक्षा जास्त असतंय म्हणून पुढच्या महिन्याचा भाव सहसा चालू महिन्यापेक्षा चढा असतो, त्याच्या पुढचा आणखी चढा. चालू महिन्याचा सौदा महिन्याच्या शेवटच्या कामाच्या दिवसाच्या दोन कामाचे दिवस आधी दुपारी साडेबाराला संपतो. आता ब्रोकरच्या ॲपात काय होतंय, महिना बदलला की चार्ट गपचूप पुढच्या महिन्यावर जातो. न सांगता. तुम्ही दुसऱ्या दिवशी बघता तर डॉलर एका रात्रीत एकदम वर उडी मारलेला. डॉलर हललेला नसतोय, फक्त महिना बदललेला असतोय. मी दोनदा फसलो यात, अन् दुसऱ्यांदा तर मालकांना कारण पण चुकीचं सांगितलं, की अमेरिकेत काहीतरी झालं असेल. ब्रोकरला मेल टाकला की कॉन्ट्रॅक्टचा महिना चार्टवर मोठ्या अक्षरात लिहा, "आपली सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे" असं उत्तर आलं, पुढं काही नाही.

ट्रेडिंगव्ह्यूत हे बरंच सरळ आहे. तिथं स्पॉटचा चार्ट वेगळा, एकेका महिन्याच्या फ्युचरचा वेगळा अन् महिने जोडून केलेला सलग चार्ट वेगळा, वर डाव्या कोपऱ्यात स्पष्ट लिहिलेलं असतंय काय उघडलंय ते. मी दोन खिडक्या शेजारी ठेवतो, एकात स्पॉट, एकात आम्ही घेतलेला महिना, दोन्हीतला फरक बघितला की पुढच्या महिन्याला किती जास्त मोजायलोय ते लगेच कळतंय. स्केल पण हातानं बांधून ठेवता येतं, उजवीकडच्या आकड्यावर उजवं क्लिक करून ऑटो बंद करायचं. मी स्क्रीनच्या खालपासून वरपर्यंत २ रुपयांचं अंतर ठेवतो, त्यात ६ पैसे दिसतात तेवढेच दिसतात. खालच्या कोपऱ्यात टाइम झोन कोलकाता करून टाका, नाहीतर न्यूयॉर्कचं घड्याळ बघून तुम्ही सकाळची कँडल (ठराविक वेळेतला भाव दाखवणारी चार्टवरची काडी) रात्रीची समजाल.

कँडलबद्दल थोडं. आमच्या मुनीमजींना, वय ६८, मी सांगत होतो की काडीचं खालचं टोक म्हणजे दिवसाचा नीचांक, वरचं टोक उच्चांक, अन् जाड भाग म्हणजे पहिल्या भावापासून शेवटच्या भावापर्यंत. ते म्हणले, "म्हणजे पहिली बोली, शेवटचा सौदा, अन् मधी कुणी किती चढवलं किती पाडलं ते. एवढंच ना?" एवढंच. ही पद्धत जपानच्या तांदळाच्या बाजारातून आली असं सांगतात, ओसाकाचा दोजिमाचा तांदूळ बाजार १७३० साली सरकारमान्य झाला अन् तिथं पुढच्या मालाचे सौदे व्हायचे, तेव्हा धान्याच्या माणसाला हे समजायला जड जाऊच नये. मुनीमजींची अडचण वेगळीच निघाली, त्यांना लाल अन् हिरव्यातला फरक नीट दिसत नाही. सेटिंगमध्ये जाऊन तेजीची कँडल निळी अन् मंदीची केशरी केली, तेव्हापासून ते स्वतः बघतात. हा रंग बदलायचा पर्याय ब्रोकरच्या ॲपात नाही, आमच्यासाठी ती मोठी कमी आहे. मालकांना कँडलचं काही पडलेलं नाही, त्यांच्या मोबाईलवर मी रोजच्या बंद भावाची साधी रेघ लावून दिलीय.

इंडिकेटर म्हणाल तर सुरुवातीला मी पण आरएसआय, बोलिंजर, सगळं भरलं, चार्ट दिसायचा बंद झाला. आता एकच ठेवलाय, एटीआर, १४ दिवसांचा. दिवसाला डॉलर साधारण किती पैसे हलतो याची सरासरी ते देतं. वर जाईल का खाली ते सांगत नाही अन् म्हणूनच मला आवडतंय. मालकांनी विचारलं "आज २० पैसे चढला, घाबरायचं का" तर मी एटीआर बघून सांगू शकतो की अशी हालचाल रोजचीच चालूय का आज वेगळं काही झालंय. हेइकिन आशी नावाचा एक प्रकार असतोय, दिसायला लई गुळगुळीत, सगळ्या निळ्या ओळीत उभ्या. त्यातला भाव खरा नसतो, सरासरी काढून केलेला असतोय, त्याच्यावरचा आकडा बघून ऑर्डर टाकू नका. आमच्या ॲपात ते बटण साध्या कँडलच्या बरोबर खाली आहे, बोट चुकलं की तेच लागतंय.

अलर्ट ही ट्रेडिंगव्ह्यूची सगळ्यात कामाची गोष्ट. भाव लावून ठेवायचा, तिथं पोचला की मोबाईलवर टुंग वाजतंय, लॅपटॉप बंद असला तरी. आमच्या एमआयडीसीत लाईट कधी जाईल सांगता येत नाही म्हणून याची किंमत मला कळती. मेटाट्रेडरचा अलर्ट डेस्कटॉपवर लावला तर ते कॉम्प्युटर चालू असलं तरच वाजतंय. ट्रेडिंगव्ह्यूच्या फुकटच्या प्लॅनमध्ये जाहिराती अन् मर्यादा आहेत, पण आमच्या कामाला तेवढं पुरतंय.

आता मेटाट्रेडर. सॉफ्टवेअर म्हणून मजबूत आहे, जुन्या लॅपटॉपवर पण पळतंय, मेटाट्रेडर ४ मध्ये ९ टाइमफ्रेम (एक काडी किती वेळाची ते) अन् ५ मध्ये २१. पहिल्यांदा उघडलं की काळ्या पाटीवर हिरव्या काड्या अन् जाळी, डोळे दुखतात, कंट्रोल जी दाबून जाळी काढा अन् एफ ८ दाबून रंग बदला. त्याच एफ ८ मध्ये आस्क लाइन (समोरचा आपल्याला ज्या भावात विकतो त्याची रेघ) दाखवायची टिक आहे, ती पहिली करा. कारण तिथला चार्ट बिड भावावर काढलेला असतोय, म्हणजे समोरचा आपल्याकडून ज्या भावात घेतो त्या. भाव पडेल म्हणून तुम्ही आधीच विकून बसला असाल तर परत घेताना तुमचा सौदा आस्कवर कटतो, तो बिडच्या वर असतोय. चार्टवर भाव स्टॉपपर्यंत (तोटा थांबवायला आधीच लावून ठेवलेला भाव) गेलाच नाही अन् स्टॉप मात्र लागला, असं झालं की लोक भांडतात, निम्म्या वेळा कारण हेच असतंय. शिवाय घड्याळ ब्रोकरच्या सर्व्हरचं, आपलं नाही, त्यामुळं दिवसाची कँडल कुठं चालू होऊन कुठं संपती ते ब्रोकरनुसार बदलतंय, दोघांच्या मेटाट्रेडरवर एकाच दिवसाची कँडल वेगळी दिसू शकती.

पण हे मी डेमोवरच बघितलंय अन् डेमोवरच ठेवणार, याचं कारण सांगतो. परभणीला माझा मेहुणा आहे, मोबाईल रिपेअरिंगचं दुकान. त्याला टेलिग्रामवरून कुणीतरी बाहेरच्या देशातल्या एका ब्रोकरचं ॲप दिलं, युरो-डॉलर, लिव्हरेज (थोड्या पैशावर मोठा सौदा), सगळं. एक दिवस त्याचा स्टॉप लागला अन् चार्टवर खाली लांबच लांब काडी. त्यानं मला फोटो पाठवला, मी त्याच मिनिटाची कँडल दुसऱ्या तीन ठिकाणी काढून बघितली, तिथं कुठंच ती काडी नाही. एक्स्चेंजबाहेरच्या करन्सीला शेअरसारखा एकच बाजार नसतो, जो तो ब्रोकर आपल्याकडचा भाव दाखवतो, त्यामुळं दाद कुणाकडं मागणार? ४० हजार गेले. माझ्या बहिणीनं ते पोराच्या क्लाससाठी ठेवले होते. भारतात राहणाऱ्या माणसाला करन्सीचं ट्रेडिंग मान्यताप्राप्त एक्स्चेंजवर किंवा आरबीआयनं मान्य केलेल्या प्लॅटफॉर्मवरच करता येतं, बाकीकडं पैसे भरणं फेमाच्या (परकीय चलनाचा कायदा) विरोधात जातंय. आरबीआयनं सप्टेंबर २०२२ मध्ये अशा ३४ नावांची अलर्ट यादी काढली, नंतर ती वाढवत गेले. यादीत नाव नाही म्हणजे ते चालतं असं पण नाही, हे आरबीआयनंच सांगितलंय. चार्ट कितीही देखणा असू द्या, पैसे भरण्याआधी हे बघा, हात जोडून सांगतो.

एक्स्चेंजवर पण आता नुसता अंदाज म्हणून डॉलर घेता येत नाही. ५ जानेवारी २०२४ चं आरबीआयचं परिपत्रक अन् ३ मे २०२४ पासून अंमल, तुमची खरी डॉलरची देणी-घेणी असली पाहिजे. आमची आहेत म्हणून अडचण आली नाही, ब्रोकरला लिहून दिलं. पण नंतर गर्दी एकदम कमी झाली अन् ते चार्टवर डोळ्यानं दिसतंय. लांबच्या महिन्याचा एक मिनिटाचा चार्ट उघडा, कँडलच्या जागी नुसते ठिपके अन् मधी मोकळी जागा. ॲप जिथं सौदा झाला तिथंच ठिपका टाकतंय, शेवटचा सौदा तासाभरापूर्वीचा असू शकतो. म्हणून ऑर्डर टाकताना मी चार्टवरचा भाव धरतच नाही, बाजूला घेणाऱ्या-विकणाऱ्याचे भाव उघडतो अन् लिमिट (यापेक्षा जास्त भाव द्यायचा नाही अशी ऑर्डर) टाकतो.

अन् रात्र. आपला बाजार सकाळी ९ ते संध्याकाळी ५. अमेरिकेतल्या नोकऱ्यांचा आकडा सहसा महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी येतो, आपल्या घड्याळात संध्याकाळी ६ ला, त्यांच्या थंडीत ७ ला. म्हणजे आपला बाजार बंद झाल्यावर. त्यावर डॉलर बाहेर हलतो अन् सोमवारी ९ ला आपल्या चार्टवर मधली जागा सोडून कँडल उगवती. त्या मोकळ्या जागेत तुमचा स्टॉप असेल तर तो तिथं लागत नाही, जिथं बाजार उघडतो तिथं लागतो. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी दुपारी ४ च्या आत मी मालकांना विचारून घेतो, आहे तेवढं राहू द्यायचं का कमी करायचं.

शेवटी बिल भरायला जातो तेव्हा बँकेचा दर चार्टवरच्या भावापेक्षा चढाच असतो, त्यात बँकेचं मार्जिन असतंय, ते कुठल्याच चार्टवर येत नाही. मी एका वहीत तारीख, चार्टवरचा स्पॉट अन् बँकेनं लावलेला दर असे तीन रकाने ठेवलेत, मुनीमजी भरतात. मागच्या वेळी मालकांनी तीच वही बँकेत नेऊन दाखवली, तेव्हा दर थोडा खाली आणला त्यांनी.

ब्रोकरच्या चार्टला ५ पैकी २, ऑर्डर तिथूनच टाकावी लागती म्हणून ठेवलाय. ट्रेडिंगव्ह्यूला साडेचार. मेटाट्रेडरला शिकण्यासाठी ४. पुढचा कंटेनर न्हावाशेवाला लागायला अजून वीस दिवस आहेत, १९ पैकी १० लॉट घेतलेत, बाकीच्यासाठी अलर्ट लावून ठेवलाय.